येसूबाईचा कोनाडा

समजा, तुम्हाला एक खोली काढायची आहे. कागदावर, जलरंगात. खोलीत माणूस दाखवायचं नाही, तरी चित्र पाहणाऱ्याला कळलं पाहिजे की इथं कोण राहतं, किती वर्षं राहतं, सुखात आहे की नाही. हाताशी काय आहे, तर एक चूल, चार भांडी, एक सूप आणि दारातून आलेलं ऊन. तुम्ही कागद फळीवर ताणून बसवता, पेन्सिलीला टोक काढता, खोलीकडे बघता. मग लक्षात येतं की खोलीत वस्तू फार आहेत. सगळ्या घेतल्या तर चित्राचा बाजार होईल. काही बाहेर काढायला हव्यात. कोणत्या काढाल?

कोंडीराम गायकवाडनं या प्रश्नाचं उत्तर १९६९ सालच्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी अर्ध्या तासात देऊन टाकलं. सतरा वर्षं झाली, त्या अर्ध्या तासाची चुटपुट त्याला अजून लागून आहे.

कोंडीराम मूळचा पोशीरचा. बाप तो नऊ वर्षांचा असताना गेला. आई येसूबाई, लोकांच्या शेतावर लावणी-कापणी करून तिनं त्याला सातवीपर्यंत शिकवलं. सातवी झाल्यावर तो भिवपुरीच्या वीजघरात खलाशी, म्हणजे अवजड सामान ओढणारा मजूर, म्हणून लागला. एकदा त्यानं सामानाच्या खोक्यांवर ब्रशनं नंबर घातले. ते नंबर ड्रॉइंग ऑफिसातल्या साहेबांनी पाहिले आणि विचारलं, हे छापलंय का कुणी लिहिलंय. लिहिलंय म्हटल्यावर कोंडीरामच्या हातातला दोरखंड सुटला आणि त्यात शाईचं पेन आलं. तो ट्रेसर झाला. मोठ्या नकाशावर पातळ कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ वर उतरवायची, हे त्याचं काम. रेघ केसभर हलली तर कापड पुन्हा. पण कोंडीरामची रेघ हलत नसे. वीजघराच्या क्वार्टर्समध्ये लोक कौतुकानं म्हणायचे की कोंडीराम जेवतानासुद्धा भाकरीचे चार भाग मोजून करतो.

नकाशातली एक गोष्ट त्याला फार आवडायची. एका कोपऱ्यात खुणांची यादी असायची. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की तो व्हॉल्व्ह. एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या तीन रेघा म्हणजे अर्थिंग. यादी पाठ झाली की कुठलाही नकाशा वाचता येतो. माणसांच्या जगात इतकी सरळ सोय नाही, असं त्याला वाटायचं.

मग त्याची गाठ दत्तोपंतांशी पडली. दत्तोपंत कर्जतच्या जुन्या वस्तीतले, शाळेत चित्रकला शिकवायचे. रविवारी सकाळी घराच्या पडवीत चार-पाच हौशी लोकांना फुकट शिकवायचे. कोंडीराम सायकलवर बोर्ड बांधून तिथं जाऊ लागला तेव्हा तो तिशीला आला होता, बाकीचे सगळे शाळकरी. पहिल्या दिवशी तो पडवीच्या पायरीवरच बसला. दत्तोपंतांनी ते पाहिलं आणि आतून सतरंजी आणून त्याच्याजवळ टाकली. "इथं बस. पायरीवरून पर्स्पेक्टिव्ह चुकतं," एवढंच ते म्हणाले. कोंडीराम तेव्हापासून त्यांचा झाला.

दत्तोपंतांकडे परदेशी चित्रांचं एक जुनं, पाठ निखळलेलं पुस्तक होतं. त्यात घरांच्या आतली चित्रं होती. खिडकी, टेबल, सुरई, कोपऱ्यात झाडू. कुठं गडबड नाही, कुणी रडत नाही की लढत नाही. दत्तोपंत एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगायचे. ही विझलेली मेणबत्ती म्हणजे सरलेलं आयुष्य. हे अर्धवट सोललेलं लिंबू, दिसायला गोजिरं, चवीला आंबट, म्हणजे संसार. उंबऱ्याशी काढलेले जोडे म्हणजे आतली जागा पवित्र. चित्रात वस्तू उगाच येत नाही, ती काहीतरी सांगायलाच येते, आणि जी सांगत नाही तिला बाहेर काढायचं.

कोंडीराम ते ऐकून अक्षरशः हरखला. इथंही यादी होती तर! त्यानं वहीत दोन रकाने आखले, वस्तू आणि अर्थ. परदेशी वस्तू संपल्यावर त्यानं आपल्या वस्तू विचारायला सुरुवात केली. जातं म्हणजे कष्ट. मडकं म्हणजे देह. केरसुणी म्हटल्यावर दत्तोपंत पटकन म्हणाले, लक्ष्मी. कोंडीरामनं लिहून घेतलं आणि घरी येऊन खोडलं. त्याच्या पूर्वजांनी केरसुणीचा वेगळाच अर्थ कमरेला बांधून वागवला होता. त्या रकान्यात दुसरं काय लिहावं ते त्याला सुचलं नाही. ती जागा कोरी राहिली.

पण एका वस्तूचा अर्थ त्याचा त्यानं शोधला होता. ती वस्तू म्हणजे पोशीरच्या घरातला कोनाडा.

चुलीच्या वरच्या अंगाला, मातीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात पूर्वी देव असायचे, पितळेचे टाक, शेंदरानं माखलेले. सत्तावन्न साली वस्तीनं धम्म स्वीकारला तेव्हा घराघरातले देव बाहेर निघाले. कोंडीराम तेव्हा एकवीस वर्षांचा, अंगात नुसता उत्साह. येसूबाईनं टाक शेवटचे धुतले, फडक्यात बांधले आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. तो नदीकडे निघाला तशी मागून म्हणाली, "खोल पान्यात सोड. धोंड्यावर आपटू नको रं." त्यानं खोल पाण्यात सोडलं. परत येऊन पाहिलं तर कोनाडा रिकामा होता, भिंतीला चौकोनी तोंड उघडल्यासारखा. तो रिकामेपणा त्याला त्या दिवशी फार मोठा वाटला. बारा वर्षांनी त्यानं वहीत लिहिलं, 'कोनाडा, रिकामा: मुक्ती.' दत्तोपंतांना दाखवलं. ते म्हणाले, "हे पुस्तकात नाही कोंडीराम. हे तुझं आहे. हेच काढ."

तर तो मार्चमधला रविवार. कोंडीराम सकाळीच पोशीरला पोचला. त्यानं आधी टेपनं खोली मोजली. मग आईला म्हणाला की ऊन चुलीपर्यंत यायच्या आत खोली मोकळी करायला हवी. येसूबाईला पोराचं हे वेड नवं नव्हतं. ती तांदूळ निवडत दारात बसून राहिली. कोंडीराम एकेक वस्तू बाहेर काढू लागला. रॉकेलचा डबा गेला, दोरीवरची लुगडी गेली, खताची रिकामी पोती गेली, फुटक्या आरशाचा तुकडा गेला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ती समोरच्या, म्हणजे चित्र काढणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर होती, तेव्हा ती चित्रात यायचा प्रश्नच नव्हता. राहिल्या त्या चूल, जातं, सूप, दोन मडकी, एक पितळी तांब्या. यादीतल्या सगळ्या.

मग तो कोनाड्याकडे वळला. काडेपेटी, कंगवा, हाताला येईल ते गोळा करून दारातल्या पाटीत टाकू लागला.

"तितलं कशाला काढतो?" येसूबाईनं विचारलं.

"कोनाडा रिकामा पायजे, आई."

"रिकामा कशापायी?"

"आपुन देव सोडलं ना. त्याची खूण हाय ती."

येसूबाई निवडता निवडता थांबली. "देव सोडल्याला बारा वरसं झाली."

"म्हनूनच तर."

"तवापासून रिकामा कुटं व्हता रं तो?"

कोंडीराम हसला. आईला चित्रातलं काय कळणार, असं ते हसणं होतं. आज ते आठवलं की त्याला स्वतःचा चेहरा बघवत नाही. "खरं तसं असंल," तो म्हणाला, "पन चित्रात तसं नाय चालत."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. त्यानं कोनाड्याला फुटपट्टी लावली. नऊ इंच रुंद, तेरा उंच, सहा खोल. ही मापं त्याला आजही झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील.

चित्र पूर्ण व्हायला पाच रविवार लागले. पाचही रविवार येसूबाई सकाळी दारात बसली आणि खोलीत पाऊल न टाकता बाहेर तीन दगडांवर स्वयंपाक करत राहिली. तालुक्याच्या प्रदर्शनात चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. कोनाड्यापाशी लोक थबकायचे. आत काहीच नव्हतं, फक्त धुरानं काळवंडलेली माती आणि खालच्या बाजूला उन्हाचा एक पुसट कवडसा. दत्तोपंत प्रत्येकाला बाजूला घेऊन अर्थ सांगत होते.

कोंडीरामनं आईला मुद्दाम प्रदर्शन बघायला आणलं. येसूबाई धुतलेलं लुगडं नेसून चित्रासमोर उभी राहिली. फार वेळ बघितलं. मग म्हणाली, "तांब्या चांगला घासलाय."

"आनखी?"

"घर आपलंच हाय. पन मी कुटं गेलीया? पान्याला?"

कोंडीरामनं समजावलं की तू दिसत नाहीस पण तू आहेस, त्या वस्तूंमध्येच तू आहेस.

"सुपात?" येसूबाई म्हणाली. बाजूच्या दोन बाया खुदकन हसल्या, तशी तीही हसली आणि पदरानं तोंड झाकलं. दत्तोपंत पुढं आले, हात जोडून म्हणाले की तुमच्या मुलानं तुम्हाला मोठं केलं. येसूबाईनंही हात जोडले. चित्राकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. कोंडीरामला वाटलं, भिडेखातर.

ते चित्र पुढं कर्जतमधल्या एका वाचनालयात लागलं. दत्तोपंत एकदा शाळेची वीस-बावीस मुलं घेऊन पोशीरला आले, चित्रातलं घर दाखवायला. मुलांनी चूल पाहिली, जातं फिरवून पाहिलं, कोनाड्यात डोकावून पाहिलं. येसूबाईनं सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. नंतर अधूनमधून कुणी ना कुणी यायचं, कधी वाचनालयाचा माणूस, कधी खोपोलीच्या कारखान्यातला एखादा हौशी चित्रकार. कोनाडा नेहमी रिकामा असायचा. कोंडीराम महिन्या-दोन महिन्यांनी घरी जायचा तेव्हा त्याची नजर आधी तिकडं जायची. काडेपेटी चुलीच्या मागं, कंगवा खुंटीवर, आणि कोनाड्यात काही नाही. आईला अर्थ पटला, अशी त्याची खात्रीच झाली. एका बुद्धजयंतीला क्वार्टर्समधल्या सभेत तो बोलायला उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की माझ्या न शिकलेल्या आईनं तो कोनाडा आजही रिकामा ठेवलाय, तिला मुक्तीचा अर्थ पुस्तकाशिवाय कळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसत होतं तेच तो सांगत होता.

येसूबाई एकोणऐंशीच्या पावसाळ्यानंतर गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. शेजारची ठकूबाई तेवढी मागं राहिली होती. येसूबाईच्याच वयाची, दोघींनी एका बांधावर उभ्या जन्माची लावणी केलेली. कोंडीराम तिला काकी म्हणायचा. तो भिंतीला टेकून बसला होता. बोलायचं म्हणून, आणि थोडं अभिमानानंही, तो म्हणाला, "बघ काकी, आईनं शेवटपातूर कोनाडा रिकामा ठेवला. तिला कळला व्हता त्याचा अर्थ."

ठकूबाई दाताला मशेरी लावत होती. तिनं बोट थांबवलं.

"अर्थ कसला आला रं? तू चित्र काडलं नव्हं? मंग त्यात काय ठेवनार ती? लोकं बगाया यायची. म्हनायची, ठकू, आता त्यात काय ठेवलं तर पोराचं चित्र खोटं पडंल."

कोंडीराम भिंतीपासून सरळ झाला. मग त्यानं विचारलं की आधी ती त्यात काय ठेवायची.

"व्हतं काय तरी तिचं. तूच नाय का पाटीत टाकलं? मी आलेली तवा, पीठ मागाया. तू तिकडं तोंड करून भिताडाला पट्टी लावत व्हता. हिनं वाकून पाटीतनं काय तरी उचललं न् कनवटीला लावलं."

"काय उचललं?"

"मला काय ठावं बाबा. मूठ झाकल्याली व्हती."

"तू इचारलं नाय?"

"लेकाचं काम चाललं व्हतं तिच्या. मधी कशाला बोलू?" ठकूबाईनं पुन्हा बोट दाताला लावलं. मग म्हणाली, "तू बी नाय इचारलं."

त्या आठवड्यात कोंडीरामनं आणि त्याच्या बायकोनं, जयानं, सगळं घर उलटं केलं. पत्र्याच्या पेटीत तीन लुगडी निघाली, त्यातलं एक दीक्षेच्या दिवशीचं पांढरं. माळ्यावर जुनी पाटी सापडली, तीच असावी. तिच्यात गंजलेला अडकित्ता, सुताचं रीळ. यातलं काहीच मुठीत लपवून कनवटीला लावण्यासारखं नव्हतं. जात्याखालची माती उकरली, आढ्याच्या सांदीत हात घातले. काही निघालं नाही. जया म्हणाली की असंल काडेपेटी, माणसं आपली काहीतरी धरून बसतात. ती हे नवऱ्याला उभारी यावी म्हणून बोलली, पण त्याला ते लागलं.

मग तो वाचनालयात गेला. चित्र तिथं होतं, काचेवर धूळ बसली होती. त्यानं ती रुमालानं पुसली आणि आपलंच चित्र पहिल्यांदा एखाद्या परक्या नकाशासारखं वाचायला सुरुवात केली. कोनाड्यात तळाशी तो पुसट कवडसा होता, ज्याला लोक ऊन म्हणायचे, दत्तोपंतही म्हणायचे. कोंडीरामनं उन्हाची कड काचेवरून बोटानं मागं नेली. ऊन दारातून येत होतं, डावीकडून, आणि चुलीच्या कडेवर संपत होतं. कोनाड्यात ते पोचूच शकत नव्हतं. एवढी साधी गोष्ट त्याला दहा वर्षांत दिसली नव्हती. तो ट्रेसर होता. जे समोर होतं ते त्याच्या हातानं उतरवलं होतं, त्याला न विचारता. तो उजेड नव्हता. आजूबाजूची माती धुरानं काळी झालेली, आणि मधे एक जागा काळी न झालेली. तिथं वर्षानुवर्षं काहीतरी पडून होतं. काडेपेटी नव्हे, काडेपेटी रोज उचलली जाते.

त्यानं खिशातून स्टीलची पट्टी काढली. वाचनालयाचा शिपाई बघत राहिला. चित्राचं प्रमाण पाठ होतं, तिरकेपणाचा हिशोब त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर मांडला. सुमारे दोन इंच लांब, दीड इंच रुंद. एका टोकाला किंचित गोलाई, पण ती ब्रशच्या फटकाऱ्याचीही असेल.

दोन बाय दीड. तेव्हापासून हे माप त्याच्या डोक्यात घर करून आहे. बापाची तपकिरीची डबी एवढी असू शकते. त्याच्या पाठची एक बहीण दीड वर्षाची होऊन गेली होती, तिच्या कमरेला काही होतं का, त्याला आठवत नाही. आणि पितळेचा टाकही, आडवा ठेवला तर, एवढाच असतो. नदीत सोडलेलं गाठोडं त्यानं उघडून पाहिलं नव्हतं. आत टाक चार होते की पाच, हेही त्यानं कधी मोजलं नव्हतं. दिवसभर मोजमाप करणाऱ्या माणसानं नेमकं तेवढंच मोजलं नव्हतं. टाक असला तर आईनं त्याला बारा वर्षं एका शब्दानं कळू दिलं नाही. बहिणीचं काही असलं तर त्यानं ते कंगव्याबरोबर पाटीत फेकलं. काहीही असलं तरी त्यापुढची दहा वर्षं ती वस्तू जागेवर नव्हती, आणि ती त्याच्यामुळं नव्हती.

दत्तोपंत खूप थकलेले असताना तो एकदा त्यांना हे सगळं सांगून आला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. चित्र तरीही चांगलं आहे, असं ते म्हणाले. कोंडीरामनं मान हलवली. चित्र चांगलं होतं, त्याबद्दल त्याला कधीच शंका नव्हती. त्यानंतर त्यानं घरातली एकही खोली काढली नाही. त्याची दोन रकान्यांची वही कपाटात आहे. कोनाड्यासमोरचा शब्द त्यानं खोडलेला नाही, पण त्यापुढं एक प्रश्नचिन्ह घातलंय.

ठकूबाई आता पंचाहत्तरीच्या पुढं गेली आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू, कानानं जड. कोंडीराम पोशीरला गेला की तिच्या अंगणात बसतोच. ती त्याला दर वेळी जेवलास का विचारते, जयाला बरं आहे का विचारते, मग तो विषय काढतो आणि ती तेच सांगते, की बाबा, मला काय ठावं. तिची सून चिमा एकदा वैतागून म्हणाली की भावजी, म्हातारीला किती वेळा तेच तेच इचारता. त्यालाही ते समजतं. पण बघितलेलं माणूस आता हे एकच उरलंय. गेल्या महिन्यात तो गेला तेव्हा त्यानं 'काय उचललं' हे विचारलंच नाही. तिच्यासमोर उकिडवा बसला, आपला उजवा हात तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला, मूठ आधी घट्ट मिटली, मग थोडी सैल केली, आणि कानाशी तोंड नेऊन हळूच विचारलं,

"काकी, मूठ पुरती झाकली व्हती तिनं, का बोटांतनं काय तरी दिसत व्हतं?"